तिसरा खण

सोमवार, ५ जानेवारी २०२६

भिंतीला खण नऊ आणि भिंतीला पाठ टेकून बसणाऱ्या बाया आठ. मग एक खण कोणाचा? दिवसभर डोकं चालवलं, उत्तर मिळालं नाही.

काम मिळालं हे आधी लिहायला हवं होतं. भाजीबाजाराची आतल्या बाजूची लांब भिंत मला रंगवायची आहे. बाजार सुधार मंडळाचे अध्यक्ष धनराजभाऊ यांनी स्वतः बोलावून घेतलं. म्हणाले, "सिंहस्थ तोंडावर आलाय, सगळं नाशिक रंगतंय, आपलीच भिंत भकास का राहावी? पण मोर आणि हंस नको काढू. आपल्या बाया काढ. खऱ्या बाया, खऱ्या जागेवर." मला हेच तर हवं होतं. चार वर्षं पुण्याला होस्टेलवर राहून फाइन आर्ट केलं, आमच्या घरात पदवीची टोपी घालणारी मी पहिली, आणि त्या टोपीच्या फोटोपलीकडे घरच्यांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. आता एक भिंत आहे.

दोन खांबांमध्ये एक खण, आणि एका खणात एक बाई, अशी ही ओळ. फाटकाशी पहिली जैतुनबी, लिंबू-मिरचीवाली. मग पालेभाजीची चिमणाबाई. तिसऱ्यात कोणी नाही. चौथ्यापासून आठव्यापर्यंत पाच जणी. नवव्यात, पार टोकाला, नळ आणि मुतारीच्या कडेला माझी आई, मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन. तिला मी अशी ओळीत बसलेली आज पहिल्यांदाच नीट पाहिली. शाळेत असताना ती मला बाजारात फिरकू द्यायची नाही. "तुझी जागा तिकडं, बाकावर," म्हणायची.

तिसऱ्या खणात घडी घातलेलं पोतं आहे आणि त्यावर वीट. आईला विचारलं, "तिथं कोण बसतं?" ती हार ओवत होती. म्हणाली, "सध्या कोणी नाय." पोत्याच्या घड्या सुरेख पडल्या होत्या म्हणून वर जे काही पडलं होतं त्यासकट स्केचबुकात काढून घेतलं. नुसता सराव.

गुरुवार, ८ जानेवारी

जैतुनबीला काढायला बसले तर ती पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "नाक जरा लहान काढ बेटा. देवानं माझ्या टायमाला हात सैल सोडला होता."

चिमणाबाई पलीकडून म्हणाली, "लहान काढू नको गं. गिऱ्हाईक वळखायचं नाय तिला."

"तुझं तोंड काढतेय ना ती, तवा बंद काढायला सांग. तेवढंच एक चित्र खोटं असू दे."

सगळी ओळ हसली. मला वाटलं, हेच भिंतीवर यायला हवं, हे हसू.

एक निरीक्षण. सकाळी दुकान मांडलं की जैतुनबी त्या पोत्यावर एक लिंबू ठेवते. चिमणाबाई कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवते. आई तर नवव्या जागेवरून उठून येते आणि झेंडूचं एक फूल ठेवून जाते. दुपारपर्यंत ते सगळं नाहीसं होतं. नजरेचं काहीतरी असणार. अशा गोष्टी चित्रात घ्याव्यात का, यावर बराच विचार केला. मला या बायांचे कष्ट दाखवायचे आहेत, त्यांच्या अंधश्रद्धा नाहीत. पोतं, वीट, लिंबू काहीच घेणार नाही.

रविवार, ११ जानेवारी

नवव्या खणाने घात केला. नळामुळे तिथे भिंतीत ओल आहे. पुट्टी भरली तर सकाळी पापुद्रे निघालेले. प्रायमरसुद्धा धरत नाही. आईचं चित्र तिथे काढलं तर पावसाळ्याआधीच तिचा चेहरा गळून पडेल.

रडकुंडीला आले होते, आणि एकदम सुचलं. तिसरा खण रिकामाच आहे. आईला तिथे घेऊ. दोन्ही बाजूंना हिरवी भाजी आणि मधे झेंडूचा केशरी ढीग. रचना म्हणूनही हेच उत्तम. पहिल्या दिवशीचा प्रश्न सुटला, असं वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

धनराजभाऊंना विचारायला गेले. खऱ्या जागेवरच हवं असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून जरा भीती होती. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "काढ की. मोकळीच आहे जागा. नवव्यात मंडळाचा फलक लावू, त्याची काळजी तू करू नको." आणि आपणहून म्हणाले, "प्रत्येकीच्या खाली नाव घाल. आणि नंबर. एक, दोन, तीन, असे." या बायांना नाव असतं हे पुरुषांना सुचत नाही. त्यांना सुचलं. मला फार बरं वाटलं.

आईला घरी सांगितलं. तिने देठ खुडणं थांबवलं.

"कोणत्या खणात म्हणालीस?"

"तिसऱ्या."

जरा वेळाने पुन्हा विचारलं, "तिसऱ्याच ना?" आणि नंतर, "धनराजभाऊ काय म्हणले?"

"काढ म्हणाले."

मग हातातलं फूल टोपलीत टाकत म्हणाली, "झेंडू मोठाले काढ."

शुक्रवार, १६ जानेवारी

आईला तिसऱ्या खणात बसवून स्केच केलं. फाटकाजवळच्या करंजाची सावली पहिल्या चार जागांवर दुपारभर असते. ती बसली, पाठ टेकली, पाय लांब केले. मी म्हणाले, "हलू नकोस." ती म्हणाली, "हलतंय कोण. इथं किती गार हाय." तिचा चेहरा इतका सैल पडलेला मी कधी पाहिला नव्हता. कपाळावरची उभी आठीच गेली. मी भराभर काढत सुटले. आजवरच्या माझ्या कामात इतकं खरं काही उतरलेलं नाही.

पोतं आणि वीट मी बाजूला नळापाशी नेऊन ठेवली होती. चिमणाबाई मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, "मास्तरीणबाई, पोतं कुठं नेलं?"

"नळाजवळ आहे मावशी. चित्रात येत होतं."

ती उठली, पोतं घेऊन आली, आईच्या पुढ्यात उभी राहिली. आई उठेपर्यंत उभीच. मग घडी नीट करून पोतं जागेवर ठेवलं, वर वीट. आईकडे बघितलंसुद्धा नाही. मला राग आला. जुन्या पोत्याचा एवढा सोस कशाला?

शनिवार, २४ जानेवारी

काम संपलं. पाठ, मान, मनगट, काही माझं राहिलेलं नाही. आठ बाया, आठ नावं, आठ आकडे. "३. गयाबाई" हे लिहून मागे सरकले आणि दोनदा वाचलं. आईचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रेशनकार्डावरसुद्धा नाही.

पण बाया चित्र बघून गप्प आहेत. कौतुकाने गप्प असतील. जैतुनबी आपलं नाक बघून हसेल असं वाटलं होतं. तिने नाकाकडे बघितलंच नाही. तिसऱ्या खणाकडे बघितलं आणि लिंबं निवडायला बसली.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर भिंतीचं उद्घाटन. धनराजभाऊ भाषणात म्हणाले, "आपल्या बाजाराची ओळ आता कायमची झाली." खूप टाळ्या. आठही जणींचा आपापल्या चित्रापुढे बसून फोटो काढला. आई तिसऱ्यात बसली. नवी साडी.

कार्यक्रमानंतर त्यांनी माझ्यापुढे एक कागद धरला. 'सदर चित्रात दर्शविलेल्या विक्रेत्या महिला प्रत्यक्षात त्याच क्रमाने बसतात व चित्र प्रत्यक्ष पाहून काढले आहे.' खाली माझं नाव, 'चित्रकार' असं छापून. मी विचारलं, "आई तर नवव्यात..." ते हसले. "फोटोत कुठे आहे? फायलीला लागतं गं असलं काही. पुढे पंचवटीकडे चाळीस खणांची भिंत आहे, तिथेही तुझंच नाव द्यायचंय ना?"

'चित्रकार' हा शब्द माझ्या नावापुढे पहिल्यांदा छापून आला होता. सही केली.

जैतुनबीने पेढा हातात घेतला आणि न खाता पदरात बांधून ठेवला.

सोमवार, २ फेब्रुवारी

आई आता रोज तिसऱ्यातच बसते. म्हणते, गिऱ्हाईक चित्र बघतं, मग मला बघतं, मग फुलं घेतं. दुपारी परत आणायची फुलं निम्म्याहून कमी झाली. पोतं नळापाशी पडलं आहे. वीट कोणीतरी उचलून जैतुनबीच्या पाटीशेजारी सरकवली आहे. लिंबू आता ती त्या विटेवर ठेवते.

आई मात्र फूल ठेवत नाही. आज मुद्दाम लक्ष ठेवलं. तिचा असल्या गोष्टींवरचा विश्वास उडाला असेल तर चांगलंच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण तसं वाटलं नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज नवसाबाई आली.

मी तिला ओळखत नव्हते. सकाळी भिंतीवरची धूळ पुसत होते. हरसूलच्या एसटीतून उतरलेली एक वाळकी, उंच बाई डोक्यावर कवठांची पाटी घेऊन फाटकातून आली आणि थेट तिसऱ्या खणापुढे येऊन थांबली. आई तिथे बसलेली. पाटी डोक्यावर तशीच. तिने चित्र बघितलं, आईला बघितलं, परत चित्र बघितलं.

"चितर लय भारी काढलं," ती म्हणाली. "कोणी काढलं?"

मी फडकं खाली ठेवलं. मी म्हणाले, "मी."

"गयाची पोर का तू? हुशार हाय." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी कुठं बसू, तेवढं सांग."

आई खाली मान घालून फुलांवर पाणी शिंपडत राहिली. फुलं ताजी होती.

जैतुनबी उठली. पदराची एक गाठ सोडून नवसाबाईच्या हातात काहीतरी दिलं. "तीन महिन्यांची भवानी हाय तुझी. एक दिवस चुकवला नाय."

मग चिमणाबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं. सांगितलं म्हणजे झाडलं. इथली रीत अशी: कोणी बाई आजारपणाला, बाळंतपणाला, मयतीला गेली की जागेवर पोतं आणि वीट ठेवून जाते. मग शेजारणी रोज आपल्या मालातलं एक-एक काही त्या पोत्यावर ठेवतात. ते पहिल्या गिऱ्हाइकाला विकायचं. ती त्या जागेची भवानी, दिवसाची पहिली विक्री. जागेला रोज भवानी झाली की जागा जिवंत, मग ती सहा महिने आली नाही तरी कोणी हात लावत नाही. नवसाबाईचा नवरा दिवाळीनंतर घर शाकारताना पडला, कंबर मोडली. ती त्याच्या उशाशी होती. बावीस वर्षांची जागा तिची.

मला ते लिंबू नजरेचं वाटलं होतं.

"मावशी, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"पोतं जागेवर आणून ठेवलं तवा काय सांगितलं? आणि तुझ्या आईला ठाऊक होतं की सगळं. आम्हाला वाटलं, मायलेकींनी ठरवून केलं."

बुधवार, ११ फेब्रुवारी

धनराजभाऊंकडे गेले. मला वाटत होतं, चूक लक्षात आणून दिली की ते लगेच दुरुस्त करतील. त्यांचं कौतुक मी याच वहीत लिहिलं आहे.

त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मंगळवारी अकराला महापालिकेचे मोजणीचे साहेब येतायत. भिंतीलगत पक्के ओटे बांधायचेत. आठ."

"नऊ जणी आहेत भाऊ."

"भिंतीवर मोज ना. या बाजारात लेखी असं कधी काही नव्हतं, नुसत्या भांडणाऱ्या बाया होत्या. आता भिंत आहे, नावं आहेत, नंबर आहेत, फोटो आहे. आणि तुझी सही आहे."

"आणि नववी जागा?"

"तिथे नळ आहे. माझ्या भाच्याची रसवंती बसेल."

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. ते अजिबात रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. "सुवर्णा, तुझ्या आईला सावली मिळाली. तुला भिंत मिळाली, दुसरी मिळतेय. मी कुणाची जागा घेतली का? तूच तर म्हणालीस, तिसरा रिकामा आहे, आईला घेऊ. मी फक्त हो म्हणालो."

खरं आहे. शब्द माझेच होते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दोन दिवस आईशी बोलले नव्हते. आज संध्याकाळी ओसरीत फुलं निवडताना विचारलंच.

"तुला माहीत होतं?"

"एकोणीस वर्षं बसते तिथं. मला माहीत नसंल तर कुणाला?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस, तिथं कोण बसतं. मी म्हणले, सध्या कोणी नाय. खोटं बोलले का?"

"आई, तू रोज तिथं फूल ठेवत होतीस."

तिच्या हातातला झेंडू चुरगळला. "व्हय. तिचा माणूस पडला तवा पहिलं फूल मीच ठेवलं. आन तूच येऊन म्हणलीस, तिसऱ्या खणात तुला काढते. मी मागितलं होतं का? माझ्या पोरीनं दिलं. शिकलेल्या पोरीनं. मला वाटलं, देवानंच दिलं."

मी पुढचं फूल उचललं.

"तुला नवव्या जागेची काय माहिती? बारा वाजले की फूल मान टाकतं. ओलं फडकं टाका, पाणी मारा, ऐकत नाय. मुतारीचा वास घेत हार ओवले, त्यातून तुझी फी गेली. एकोणीस वर्षांत एकदा सावलीत पाठ टेकली, तर तुलाच सलायला लागलं."

"नवसाबाई कुठे बसेल?"

"ते धनराजला इचार. चित्र काय मी काढलं?"

अण्णा, माझे वडील, आतून म्हणाले, "दोघी जेवून घ्या आधी." कोणी उठलं नाही.

तिचं सगळं बरोबर आहे असं मला वाटतं. आणि तरीही ते बरोबर नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये काय असतं, ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

स्केचबुक चाळताना ५ जानेवारीचं पान निघालं. मी विसरूनच गेले होते. पोतं, वीट, दोन्ही बाजूंचे खांब, डावीकडे जैतुनबीच्या आणि चिमणाबाईच्या पाट्या. कोपऱ्यात तारीख आणि 'खण ३' असं माझ्याच अक्षरात. पोत्यावर लिंबू, कोथिंबीर आणि एक झेंडूचं फूल. पाकळ्यासुद्धा मोजून काढल्या आहेत मी.

लेखी काही नव्हतं, असं धनराजभाऊ म्हणाले. हे आहे. चित्र सुरू होण्याच्या आधीचं.

हे पान माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. दिवसभर वही बरोबर घेऊन फिरले. दोनदा ते पान मुठीत धरलं, फाडायला की जपायला, ते माझं मलाच कळलं नाही. चाळीस खण. आईची सावली. हे लिहिताना लाज वाटते, पण दोन्हीची नावं याच क्रमाने मनात आली.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. बाजार तुडुंब. आईची फुलं साडेअकरालाच संपली. एकही हार सुकला नाही. ती रिकामी टोपली मांडीवर घेऊन करंजाखाली बसली होती आणि मला हाक मारून म्हणाली, "ये, बस जरा." दोन महिन्यांपूर्वी या हाकेसाठी मी काय दिलं असतं.

नवसाबाई फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला कवठं घेऊन बसली होती. आजच्या दिवशी कवठाला सगळ्यात जास्त मागणी. मंडळाच्या माणसाने तिला दोनदा उठवलं. दुसऱ्यांदा पाटी उचलताना तीन कवठं गटाराकडे घरंगळत गेली. मी धावले. ती म्हणाली, "राहू दे पोरी, तुझा ड्रेस खराब व्हईल." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जैतुनबीने मला थांबवून म्हटलं, "ओटे एकदा बांधले की वीट ठेवायला जमीनच राहत नाय बघ. मग रीत पण गेली. उद्या मी पडले तर माझं पोतं कुठं?" मी म्हणाले, मी काय करू शकते. ती म्हणाली, "मला काय विचारते? भिंत तुझी, रंग तुझा."

सोमवार, १६ फेब्रुवारी

उद्या अकराला मोजणी.

नुसतं पान दाखवलं तर? धनराजभाऊ म्हणतील, सराव आहे, आणि सहीचा कागद पुढे करतील. भिंतीवर तर 'तीन' म्हणून आईच बसलेली असेल. नवसाबाईला नवव्यात काढू? ओल आहे, आणि ती तिची जागाच नाही. एक चूक झाकायला दुसरी. फक्त नाव खोडू? मग चेहरा कोणाचा राहील?

चित्र चांगलं आहे. हे मी गर्वाने लिहीत नाही. तो चेहरा मला पुन्हा काढता येणार नाही, कारण तो चेहराच पुन्हा तसा होणार नाही.

पांढरा इमल्शन अर्धा डबा उरला आहे. एवढंच लिहिते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सहाला घर सोडलं. आई टेम्पोत टोपल्या चढवत होती. विचारलं, "एवढ्या लवकर?" मी म्हणाले, "भिंतीचं काम आहे." तिने माझ्या हातातला डबा बघितला, मग पुढची टोपली उचलली.

खालून सुरुवात केली. आधी नाव, मग आकडा, मग झेंडू, मग हात. चेहऱ्याला शेवटी आले. पहिला हात दिला तर केशरी रंग पांढऱ्यातून वर डोकावायला लागला. तो वाळेपर्यंत थांबावं लागलं, आणि त्याच वेळात आई आली. टोपली डोक्यावर. तिच्या चित्राचे फक्त डोळे आणि कपाळ उरलेलं. माझ्या हातात रोलर.

मला वाटलं ओरडेल. वाटलं, हात धरेल. तिने धरला असता तर मी थांबले असते का, माहीत नाही. ती तिथे उभी राहिली, तेवढ्यात चिमणाबाई आली, जैतुनबी आली, फाटकाबाहेरून नवसाबाई आत बघत होती. मग आईने मान फिरवली आणि ओळीच्या टोकाला चालत गेली. नवव्या जागेवर टोपली उतरवल्याचा आवाज मला पाठीमागून ऐकू आला. मी उरलेलं कपाळ झाकलं.

पोतं नळाजवळून आणलं, झटकलं, घडी घातली. जैतुनबीने पाटीशेजारची वीट उचलून दिली. स्केचबुक उघडून ५ जानेवारीच्या पानावरून भिंतीवर काढायला घेतलं. हात स्थिर होता, याचं मलाच नवल वाटलं.

अकराला साहेब आले. बरोबर धनराजभाऊ. ते भिंत बघून थांबले, मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुझी सही आहे माझ्याकडे." मी साहेबांना म्हणाले, "त्या कागदावर मी सही केली. तो कागद चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे." मग पान दाखवलं. साहेब बराच वेळ ते पान आणि भिंत आलटून पालटून बघत होते. शेवटी विचारलं, "हा तिसरा खण कोणाचा?"

हाच प्रश्न मी पहिल्या दिवशी लिहिला होता. उत्तर मी द्यायच्या आत ओळीतून आलं. आधी जैतुनबी, मग चिमणाबाई, मग बाकीच्या. नवसाबाईचा. मी आईकडे बघितलं. ती फुलांवर ओलं फडकं टाकत होती. तिचे ओठ हलले की नाही, ते इतक्या लांबून दिसलं नाही.

साहेबांनी फोटो काढले, पान मागून घेतलं, नऊ जागा मोजल्या. ओटे किती होतील ते वर ठरेल म्हणाले. पंचवटीच्या भिंतीचा विषय संपला, ते धनराजभाऊंना सांगावं लागलं नाही.

नवसाबाई तिसऱ्यात येऊन बसली तेव्हा भिंत ओली होती, म्हणून तिने पाठ टेकली नाही. जैतुनबीने तिला पदरातला सुकलेला पेढा दिला.

साडेबाराला नवव्या खणातून हाक आली, "सुवर्णा, पाणी आण, फुलं मान टाकतायत." मी बादली घेऊन गेले. आम्ही दोघींनी पाणी शिंपडलं. ती माझ्याशी परत नीट कधी बोलेल, आणि काय बोलेल, मला माहीत नाही. माझ्या नखांत तिच्या चित्रातला केशरी रंग बसला होता. तिने तो पाहिला.

एक गोष्ट लिहायची राहिली. भिंतीवर पोतं काढलं, वीट काढली, लिंबू आणि कोथिंबीर काढली. मग पानावर होतं तसंच, विटेच्या उजव्या अंगाला, झेंडूचं एक फूल काढलं. ते त्या दिवशी तिथे होतं. आईने ठेवलं होतं.